बाकावर ठीक

एल्बिया तेचेराच्या घरात तेवीस वर्षं कुणी खोटं बोललं नव्हतं. घरातली माणसं फार सत्यवादी होती अशातला भाग नाही. खोटं परवडत नव्हतं, इतकंच. नवरा वॉल्देमार बसस्टँडच्या तिकीटखिडकीवरून निवृत्त झालेला. 'गाडी येतेच आहे' हे वाक्य त्याने चौतीस वर्षं न अडखळता म्हटलं होतं. पण घरी येऊन 'आज सिगारेट ओढली नाही' एवढं वाक्य त्याला एकदाही पुरं करता आलं नाही. एल्बिया काही बोलत नसे. नुसती बघे, आणि टेबलाखाली तिचा उजवा पाय हलायला लागे. पाय हलला की वॉल्देमार आपण होऊन कबूल करी, कधी कधी न ओढलेल्या सिगारेटीसुद्धा.

हा पाय तिला नोकरीने दिलेला. साल्तो गावात, नदीपासून तीन गल्ल्या वर, कामावर अपघात झालेल्यांची तपासणी करणारी कचेरी होती. पाय मोडला, बोटं गेली, तर काम सोपं. फोटो काढला की दिसतं. पण डोक्यावर काही पडलं आणि माणूस म्हणू लागला की मला काही आठवत नाही, तर ते दाखवणार कसं? आठवत नाही हे सिद्ध करणं अवघड, आणि आठवतंय हे लपवणं त्या मानाने सोपं. मधे पेन्शन. म्हणून एल्बिया.

ती डॉक्टर नव्हती. टायपिस्ट म्हणून लागली होती. मोन्तेविदेओहून दर महिन्याला एक मानसतज्ज्ञ यायचे. आठ तासांच्या बसप्रवासाला कंटाळून त्यांनी चाचण्या घ्यायला तिलाच शिकवलं आणि पुन्हा आले नाहीत. ती चाचणी घ्यायची, शेरा लिहायची, डॉक्टर एचार्त सही करायचे. सही करण्यापूर्वी ते शेरा वाचत, आकडे वाचत नसत.

चाचण्यांमध्ये सगळ्यात नामी होती ती चित्रांची वही. पन्नास चित्रं एकेक करून दाखवायची: किटली, छत्री, कोंबडा. मग पन्नास पानं, प्रत्येकावर दोन चित्रं, त्यातलं आधी पाहिलेलं कोणतं ते सांगायचं. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात इतकं सोपं की स्वतःच्या मुलांची नावं विसरलेली म्हातारी माणसंसुद्धा पंचेचाळीसच्या वर जातात. आठवून सांगायचं नसतं, नजरेखालून गेलेलं नुसतं ओळखायचं असतं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी पंचवीस येतात. त्यामुळे पंचेचाळीसच्या खाली जायचं तर माणसाला मुद्दाम चुकावं लागतं, आणि मुद्दाम चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. वहीचा सगळा दरारा एवढ्यावरच, की ती सोपी आहे हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

तरीही एल्बियाचा खरा भरवसा वहीवर नव्हता, बाहेरच्या बाकावर होता. खोलीचं दार ती कायम वीतभर उघडं ठेवी. आत आलेला माणूस तयारीत असतो. बाकावर बसलेला माणूस नुसता बसलेला असतो. हात उचलवत नाही म्हणणाऱ्याला तिने बाकावर गोमाशी मारताना पाहिलं होतं. बायकोचं नाव सांगता येत नाही म्हणणाऱ्या एका सुताराने बाकावर शेजाऱ्याला आपल्या लहानपणीच्या फुटबॉल संघाचे अकरा खेळाडू, राखीव गड्यांसकट, घडाघडा म्हणून दाखवले होते. अशा वेळी ती शेऱ्याच्या शेवटी दोनच शब्द लिही: बाकावर ठीक. पुढे काही लिहायची गरज नसे.

दार्दो सिल्वेरा आला तो दोन हजार चारच्या जूनमध्ये, संत्र्यांचा हंगाम ऐन भरात असताना. वय एक्कावन्न. बागेत तोडणीवाल्यांच्या टोळीचा मुकादम. ट्रॅक्टरच्या गाडीवरची भरलेली पेटी त्याच्या डोक्यावर आली होती. अकरा दिवस शुद्ध नव्हती. आता चालत होता, बोलत होता, हसतही होता. घरच्यांचं म्हणणं होतं की अपघाताच्या आधीचं सगळं जागच्या जागी आहे, नंतरचं काही टिकत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी नाही, आणि आत्ता सांगितलेलं आत्ताच्या पुढच्या आत्ताला नाही. सोबत मुलगी यानिना, काखेत फाइल. कचेरीच्या रिवाजाप्रमाणे एक झेरॉक्स कमी होतीच, ती आणायला ती कोपऱ्यावर गेली आणि बाप बाकावर एकटा राहिला.

त्याच्याकडे थर्मास होता, अर्थात. साल्तोमध्ये माणूस एक वेळ पायात बूट घालायला विसरेल, थर्मास नाही. थर्मास डाव्या काखेत दाबून त्याने तुंब्यात येर्बाची, म्हणजे इथल्या चहाची, कडू पूड भरली, गरम पाणी ओतलं, नळी खोचली, पहिला घोट स्वतः घेतला आणि मग फेरी सुरू केली. बाकावर दारवान बिबियानो, मनगटाला प्लास्टर घातलेली सुल्मा, आणि वखारीतले दोन भाऊ. भरायचा, द्यायचा, रिकामा परत घ्यायचा, भरायचा, पुढच्याला. एक थेंब सांडला नाही, एकाचीही पाळी चुकली नाही. वीतभर फटीतून एल्बिया बघत होती.

ती बाहेर आली तेव्हा त्याने तिच्याही पुढे तुंबा धरला. "घ्या, सेन्योरा."

तिने उभ्याउभ्याच घेतला, संपवला आणि धन्यवाद म्हणून परत केला. धन्यवाद म्हणून तुंबा परत केला की त्या माणसाचं झालं, पुढच्या फेरीत त्याला वगळायचं. हे इथे रांगतं पोरही जाणतं. ती आत जाऊन कागद लावून पुन्हा त्याला बोलवायला आली, तर याने परत तुंबा पुढे केला. लोणी लावतोय, एल्बिया मनात म्हणाली. पण पुढे आलेला तुंबा नाकारायचा म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं. प्यायली, आणि जरा कोरडेपणाने पुन्हा धन्यवाद म्हणाली.

वहीच्या वेळी तो दर पानाला आपल्या डाव्या तळहाताकडे बघायचा आणि मग बोट ठेवायचा. घाम पुसतोय असं तिला वाटलं. उत्तरांच्या कागदाची पुढची बाजू पंचविसाव्या पानाला भरली, तेवढ्यात त्याने लघवीला जाऊन येऊ का विचारलं. परत आला तो दारात थांबला, हसला आणि जवळ येऊन पहिल्यांदा भेटल्यासारखा तिच्या गालाला गाल लावून म्हणाला, "मी सिल्वेरा. मला इथेच यायला सांगितलंय का?"

नाटक जरा जास्त झालं, हे तिचं तेव्हाचं मत. काय करायचं ते तिने पुन्हा सांगितलं, आणि उरलेली पंचवीस पानं त्याने भराभर संपवली. खुणा करताना ती कागदाकडे कधी बघत नसे, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघे. कागदाकडे बघितलं तर चेहऱ्यावर निकाल उमटतो. शेवटी बेरीज केली. पन्नासात एकोणतीस.

शेरा तिने टाइप केला: अर्जदाराने प्रतीक्षाकक्षात पाच जणांना येर्बा दिली, एकही पाळी न चुकता. चाचणीत एकोणतीस. मध्ये विसरल्याचा अभिनय. बाकावर ठीक. डॉक्टर एचार्तनी सही केली. पुढच्या सोमवारी यानिनाला नकाराचं पत्र मिळालं.

ही गोष्ट इथे संपली असती, जशा आधीच्या संपल्या. पण त्यानंतरच्या रविवारी दुपारी वॉल्देमार अंगणात रेडिओवर सामना ऐकत बसला होता आणि येर्बा त्याच्या हातात होती. एल्बियाने दोन तुंबे घेतले, धन्यवाद म्हटलं आणि संत्री सोलायला बसली. दहा मिनिटांनी पेनल्टी मिळाली. वॉल्देमारने रेडिओवरची नजर न काढता तुंबा भरला आणि तिच्यापुढे धरला.

"मी धन्यवाद म्हटलं ना मघाशी?"

"म्हटलंस का? डोक्यात नाही राहिलं गं म्हातारे. पी आता, भरलाय तर."

ती प्यायली नाही. पाय हलायला लागला होता. वॉल्देमारने ते पाहिलं आणि सवयीने कबूल केलं की सकाळी एक ओढली होती, पण तिने ऐकलं नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी न पिताच बाहेर आली, फाटकापर्यंत जाऊन परत आली. पेनल्टी वाया गेली हे वॉल्देमारने तिला दोनदा सांगितलं.

फेरी चालवायला आठवण लागत नाही. डावीकडून उजवीकडे जायचं, हात आपोआप जातो. तीस-चाळीस वर्षं गेलेला हात आहे तो. आठवण लागते ती एकाच गोष्टीला, कोण बास म्हणालं त्याला. आणि ती स्वतः बास म्हणाली होती.

सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी तिने बिबियानोला गाठलं. संत्रीवाल्या मुकादमाने त्या दिवशी किती तुंबे पाजले, विचारलं.

"सात," बिबियानो म्हणाला.

"तुला सात लागतात?"

"मला दोन लागतात, एल्बियाबाई. दोनानंतर धन्यवाद म्हटलं. तिसरा आला. परत म्हटलं, चौथा आला. पाचव्यानंतर म्हणायचं सोडलं. दुपारपर्यंत पोटात नुसतं डबकं होतं."

"मग त्याला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? डोक्याला मार लागलेला माणूस, मायेने देतोय. बरं दिसतं का ते?" त्याने किल्ली कुलपात फिरवली. "आणि तुम्ही स्वतः दुसऱ्यांदा घेतलात की. मी म्हटलं, बाईंना कळलंच असणार. बाईंना सगळं कळतं."

गुरुवारी सुल्मा प्लास्टर दाखवायला आली. तिने चार वेळा धन्यवाद म्हटलं होतं. तिला वाटलं, एकटा आहे बिचारा, सोबत हवी असेल. वखारीतल्या धाकट्या भावाचं निरोपातून उत्तर आलं की तो तर त्या दिवशी रात्री जेवलाच नाही. पाच माणसांनी मिळून पंधरावीस वेळा बास म्हटलं होतं, एकदाही कुणाला ऐकू गेलं नव्हतं, आणि प्रत्येकाने सभ्यपणे गिळून टाकलं होतं. या सभ्यपणात पाचवी एल्बिया.

तिने फाइल काढली. आता मात्र उत्तरांच्या कागदाकडे बघितलं. पुढच्या बाजूला पंचविसात पाच बरोबर. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी बारा-तेरा आले असते. पाच म्हणजे माणूस बरोबर चित्र ओळखून दुसऱ्यावर बोट ठेवत होता. उघड लबाडी. मग तिने कागद उलटला. मागच्या बाजूला पंचविसात चोवीस. मध्ये तिच्याच अक्षरात टीप: अर्जदार लघवीस जाऊन आला.

वही आल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिने तिच्यावर शेकडो लबाड पाहिले होते. सुरुवातीला चुकणारे, शेवटी चुकणारे, दर तिसऱ्याला चुकणारे. पण अर्धी लबाडी करून, संडासात जाऊन, सोडून दिलेला माणूस पाहिला नव्हता. लबाडी टिकवायला आठवण लागते. ती कागद पुढून मागे, मागून पुढे करत राहिली. डॉक्टरांनी दारातून विचारलं, काही हरवलंय का. ती नाही म्हणाली.

अर्जदाराच्या घरी जायला नियमाने बंदी होती. शनिवारी ती बसने गेली. वस्ती बागांच्या कडेला होती, रस्ताभर हवेत संत्र्यांच्या सालींचा वास. यानिनाने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"आता घरी येऊन तपासणार? या. बाबा झोपेत काय बडबडतात तेही लिहून न्या."

मागे अंगणात दार्दो खुर्चीत बसून दोरखंडाला गाठी मारत होता आणि सोडत होता. एल्बियाने येण्याचं कारण सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "बाबांच्या डाव्या हातावर काय लिहिलं होतंस?"

यानिनाने मागे वळून अंगणाकडे पाहिलं.

"कुणाला सांगणार?"

"मला आधी कळू दे."

मग यानिनाने सांगितलं, काही उभ्याने, काही पायरीवर बसून. पलीकडच्या घरातल्या लुसियोला मागच्या वर्षी असंच झालं होतं. त्याने जे आठवलं ते प्रामाणिकपणे सांगितलं, आणि नकार आला. वस्तीत सगळ्यांनी ते पत्र, त्यातल्या शेऱ्यासकट, वाचलं. "बाकावर ठीक. पोरं आता चिडवायला वापरतात ते. कसा आहेस रे, तर बाकावर ठीक. तुम्हीच लिहिता ना ते?"

एल्बिया म्हणाली की तीच लिहिते.

तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, खरं बोलून चालत नाही, चुकायचं. यानिनाने बसमध्ये बापाला सगळी वाट तेच सांगितलं, बाबा, उलटं सांगा, बरोबर येत असेल त्याच्या उलटं. दर थांब्याला तो विचारायचा, आपण कुठे चाललोय. शेवटी तिने बॉलपेन काढला आणि त्याच्या तळहातावर लिहिलं: उलटं सांग.

"आणि हात धुतला त्यांनी," एल्बिया म्हणाली.

"कधी?"

"मध्ये. लघवीला जाऊन आले."

यानिना तिच्याकडे बघत राहिली, मग बापाकडे. "साबण लावून धुतात," ती म्हणाली. "आजीने लावलेली सवय. ती काही जात नाही."

परतीच्या बसमध्ये एल्बियाला बसवेना. जागा असून ती दांडा धरून उभी राहिली. ड्रायव्हरने दोनदा आरशात पाहिलं. एका मुकादमाची चूक दुरुस्त करणं अवघड नव्हतं. एक कागद टाइप करायचा. पण त्या कागदावर लिहावं लागणार होतं की बाकावरून दिसतं त्याला अर्थ नाही, निदान तिला वाटत होता तो नाही. आणि बाकावर तर तिची तेवीस वर्षं बसली होती. गोमाशी मारणाऱ्याची तिला फिकीर नव्हती. पण तो सुतार, लहानपणीचे अकरा खेळाडू राखीवांसकट म्हणणारा. लहानपणीचं तर राहतंच. दार्दोचंही राहिलं होतं.

रविवारी तिने कचेरीची किल्ली बिबियानोकडून मागून घेतली आणि कपाटं उघडली. ते दोन शब्द किती कागदांवर होते ते मोजलं. एकशे बारा.

सोमवारी डॉक्टर एचार्तनी उत्तरांचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. माणूस वाईट नव्हता. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या शेऱ्यावर सही करून ज्याला निवांत झोप लागते असा साधा माणूस होता.

"म्हणजे लबाडी केली की नाही केली?"

"केली. अर्धी."

"अर्धी असा चौकोन नाही फॉर्मवर." त्यांनी फॉर्म तिच्याकडे वळवला, जणू तिने तो कधी पाहिलाच नव्हता. "विश्वासार्ह किंवा अविश्वसनीय. दोनच."

"ज्याला लबाडी करायची हेच लक्षात राहिलं नाही डॉक्टर, त्याला कुठल्या चौकोनात घालू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग आवाज खाली आणून तिला समजावलं. फेरतपासणी मागता येईल, मोन्तेविदेओचं मंडळ ऐकेलही. पण ती कशाच्या आधारावर मागणार? स्वतःचा शेरा चुकला म्हणून. मग कुणीतरी वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, की बाई, असे आणखी किती चुकले. "एका तुंब्यापायी तेवीस वर्षं उघडायचीत तुम्हाला?"

"दोन तुंबे," एल्बिया म्हणाली. "मी दोन प्यायले."

पत्र तिने स्वतःच टाइप केलं, तीन कार्बन लावून, टायपिस्ट असताना करायची तसं. कार्बनची गरज आता कुणालाच नव्हती, पण एक प्रत गहाळ झाली की प्रकरण गहाळ होतं हे ती जाणून होती. *निरीक्षकाचा शेरा चुकीचा आहे*, तिने लिहिलं, आणि कोण निरीक्षक तेही लिहिलं. मग दोन महिने काहीच झालं नाही. तेवढ्या काळात ती खुर्चीत सलग पाच मिनिटं बसलेली कुणी पाहिली नाही. घरी वॉल्देमारने आपल्या सगळ्या सिगारेटी, खऱ्या नि काल्पनिक, कबूल करून संपवल्या, तरी पाय थांबेना.

सप्टेंबरमध्ये मंडळाचे तिघे साल्तोला आले आणि त्यांनी तिला बोलावलं. आकड्यांवर कुणी फारसं बोललं नाही. पाच आणि चोवीस, वजाबाकी, शक्यतेचं गणित, हे तिने मांडलं, त्यांनी माना डोलावल्या. एकाने घड्याळ पाहिलं. पण पाच जणांनी धन्यवाद म्हटल्यावरही तुंबे येत राहिले हे तिने सांगितलं, तेव्हा तिघेही एकदम खुर्चीत पुढे सरकले. एकाने विचारलं, स्पष्ट म्हटलं होतं का, की पुटपुटलं? दुसरा म्हणाला, सातवा? सातवा कुणी देतं का? मंडळाच्या अध्यक्षांनी आपल्या सासूबाईंचा अनुभव सांगितला, त्या मुद्दाम करतात. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. आणि शेवटी तिघांचंही एकमत झालं की आठवण शाबूत असलेला माणूस असं करणार नाही. फेरतपासणीचा हुकूम त्या दुपारीच निघाला.

फेरतपासणी मोन्तेविदेओहून आलेल्या एका तरुण बाईने घेतली. आधी दार्दोचे दोन्ही तळहात पाहिले. वहीत त्याने पन्नासात अठ्ठेचाळीस मिळवले. मग तिने एक छोटी गोष्ट वाचून दाखवली आणि अर्ध्या तासाने गोष्टीत काय झालं विचारलं. दार्दोने नम्रपणे विचारलं, कोणती गोष्ट. कुणी गोष्ट सांगितली हेच त्याच्यापाशी उरलं नव्हतं. पहिला चौकोन भरला गेला. पेन्शन मंजूर झाली.

निकालाचा कागद यानिनाने उभ्याउभ्या तीनदा वाचला. "म्हणजे वहीत बरोबर उत्तरं दिली म्हणून मिळाली?"

"हो," एल्बिया म्हणाली.

"हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं नसतं ते. सांगितलं की वही निकामी होते."

यानिनाने कागदाची घडी घातली. "मग लुसियोनेही बरोबरच दिली होती की. त्याला का नाही मिळाली?"

एल्बियाकडे याचं उत्तर होतं. लुसियोला वहीत सत्तेचाळीस होते. नकार वहीने दिला नव्हता. त्याची फाइल एकशे बारांत होती आणि त्या क्षणी तिच्याच टेबलावर, वरून तिसरी. तिने एवढंच सांगितलं की त्याला म्हणावं, मंगळवारी ये.

कचेरीने तिला जुन्या फाइली उघडायला सांगितलं नव्हतं. उघडू नकोस असंही लेखी दिलं नव्हतं. तोंडी दिलं होतं, आणि तोंडी कळवलेलं आपल्या लक्षात राहिलं नाही असं तिने डॉक्टर एचार्तना कळवलं. दुपारी गाव झोपलेलं असे तेव्हा ती एकेक फाइल घेऊन बसे. काहींत गोमाशी होती, तिथे ती काही करत नसे. काहींत खेळाडूंची यादी होती, काहींत तोंडपाठ म्हटलेली प्रार्थना, काहींत शिट्टीवर वाजवलेलं गाणं. सुतार चार वर्षांपूर्वी नदीपलीकडे मुलाकडे राहायला गेला होता. त्याला घातलेलं पत्र परत आलं. पत्त्यावर कुणी नाही, असा शिक्का. तिने ते फाइलीत लावलं आणि मुलाचा पत्ता शोधायला लागली.

खोलीचं दार आता ती पुरतं बंद ठेवी. वीतभर फट दिसली की उठून लावून येई, मग लागलं का ते बघायला पुन्हा उठे.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी ती फाइल घेऊन बाहेर आली तर बाकावर दार्दो सिल्वेरा एकटाच बसलेला. यानिनाला पेन्शनच्या कागदाला एक झेरॉक्स कमी पडली होती, ती कोपऱ्यावर गेली होती. काखेत थर्मास, हातात तुंबा. एल्बिया क्षणभर उभी राहिली, मग त्याच्या शेजारी बसली. तेवीस वर्षांत ती या बाकावर पहिल्यांदाच बसत होती. पाठीला एक खिळा टोचतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"घ्या, सेन्योरा," दार्दो म्हणाला. "तपासणीला आलात?"

"हो."

"पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

"घाबरू नका. माणसं चांगली आहेत म्हणतात."

तिने तुंबा संपवला. येर्बा कडक होती, पहिल्या पाण्याची. "धन्यवाद," ती म्हणाली, स्पष्ट, ठणठणीत आवाजात, आणि परत दिला. दार्दोने हसून घेतला, काखेतला थर्मास जरा तिरपा केला, न सांडता भरला आणि तिच्यापुढे धरला.

बिबियानोने दारातून पाहिलं आणि पोटावर हात ठेवला. डॉक्टर एचार्त जाता जाता थबकले आणि आपल्या खोलीत गेले. एल्बियाचा पाय बाकाखाली हलत होता. ती प्यायली, धन्यवाद म्हणाली, परत दिला, पुन्हा आला. पाणी कोमट होत गेलं, पूड धुऊन फिकी पडली, यानिना झेरॉक्स घेऊन कोपऱ्यावरून येताना दिसली. थर्मास उलटा करून शेवटचे थेंब झटकून दार्दोने तो शेवटचा तुंबाही तिलाच दिला, आणि तिने तो घेतला.